साळवे मॅडम, खेकडे आणि दोन नंबरवाला

संशोधनाचा पेपर पाठवायचा असला की आमच्या शेजारच्या साळवे मॅडम घरातल्या घरात सँडल घालतात. नुसत्या सँडल नाहीत. इस्त्रीची साडी, हाताला घड्याळ, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवलेली, आणि मग कॉम्प्युटरसमोर ताठ बसणं. पहिल्यांदा मी हा थाट पाहिला तेव्हा सहज विचारलं, कुठे बाहेर निघालात का. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेपर सबमिट करतेय, नाईक. घरात बसून करतेय म्हणून गाउनवर करू? कामच आहे ना ते?"

आमच्या चिंचपोकळीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि आमची खोली यांत एकच भिंत आहे आणि वाय-फायही एकच. ते आम्ही मिळून घेतलंय, आणि ही माझ्या आयुष्यातली सर्वांत महागात पडलेली बचत आहे. मॅडमचं 'अपलोड' सुरू झालं की आमच्या घरात मोबाइलला हात लावायला बंदी. एकदा आमच्या हिची मालिका अगदी रंगात आली होती. मॅडम दारात येऊन उभ्या. "वहिनी, तुमची सून पाच मिनिटं उशिरा रडली तर चालेल. माझी फिगर नंबर चार अर्ध्यावर अडकलीय."

ही मालवणची. तिने मोबाइल बंद केला, पण मॅडमची पाठ वळल्यावर मला म्हणाली, "कुर्ल्यो काय वाचूक येतले हेंचो पेपर?"

कुर्ल्या म्हणजे खेकडे. डॉ. वत्सला साळवे यांचं सगळं संशोधन खेकड्यांवर. परळच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि उरलेला वेळ शिवडीच्या खाडीत, खारफुटीच्या चिखलात काढला. तिथले खेकडे झाडाखाली गळलेली पानं ओढून बिळात नेतात. नेली नाहीत तर ती पानं ओहोटीबरोबर समुद्रात जातील आणि चिखलाला खायला काही उरणार नाही. म्हणजे जंगल झाडांच्या मुळांवर उभं आहे तेवढंच खेकड्यांच्या मेहनतीवरही उभं आहे, असं मॅडमचं म्हणणं. हे सिद्ध करायला त्यांनी काय केलं, तर हजारो पानांच्या देठांना रंगीत दोरे बांधले. कुठलं पान कुठल्या बिळात गेलं ते दोऱ्यावरून कळतं. लालबागच्या दोरेवाल्याने रंग जाणार नाही म्हणून हमी दिली होती आणि खाऱ्या पाण्यात गुलाबी दोरा पांढरा पडला, तेव्हा मॅडम त्याच्या दुकानात पांढरा दोरा घेऊन गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, "हमी दिलीत ती कशाच्या आधारावर? संदर्भ काय?"

'संदर्भ काय?' हे त्यांचं पालुपद. आज पाऊस येणार म्हटलं की संदर्भ काय. अमक्याच्या मुलीचं जमलं म्हटलं की संदर्भ काय. बोंबील ताजे आहेत म्हणणाऱ्या कोळणीने मात्र एकदा टोपलीतला बोंबील उचलून त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, हा घे संदर्भ. मॅडमनी अर्धा किलो घेतले. पुरावा दिला की त्या लगेच ऐकतात, असं त्यांचं त्यांच्याविषयीचं मत आहे.

मी या प्रकरणात सापडलो तो माझ्या नोकरीमुळे. गिरगावातल्या एका छापखान्यात मी इंग्रजी प्रुफं तपासायचो. निवृत्त झालो, आता निवांत बसावं म्हटलं, तर एके दिवशी मॅडम हातात कागद घेऊन आल्या. त्यांचा पेपर परदेशातल्या एका मासिकाने परत पाठवला होता आणि सोबत सल्ला दिला होता की इंग्रजी कोणा 'नेटिव' माणसाकडून तपासून घ्या. मॅडमचा चेहरा लाल झाला होता.

"नेटिव म्हणजे कोण, सांगा मला. शिवडीच्या खाडीवर नेटिव मी आहे. खेकडे नेटिव आहेत. हा तिकडे कुठल्या थंडीत बसलाय तो कसला नेटिव?"

मी म्हटलं, त्यांना इंग्रजीतला नेटिव म्हणायचंय. मीसुद्धा तो नाही, मी मालवणचा. त्या म्हणाल्या, "ते त्यांना कुठे माहितीय? तुम्ही तपासा." आणि खुर्ची ओढून बसल्या.

तेव्हापासून माझ्या संध्याकाळी गेल्या. मी एक स्वल्पविराम काढला की त्या दोन घालायच्या. 'द' कुठे लावायचा यावर आमचं अख्खं रामायण झालं. मी सुचवलं की एक वाक्य दहा ओळींचं आहे, ते तोडू या. त्या म्हणाल्या, भरती येते तेव्हा मध्ये थांबते का? मी छापखान्यात मंत्र्यांची भाषणं तपासली आहेत, पण इतका छळ कुणी केला नव्हता.

बरं, भाषेवर भागतं तर ठीक. एका मासिकाला संदर्भयादीत लेखकाचं नाव आधी आणि साल मागाहून हवं असतं, दुसऱ्याला साल आधी. एकाला तिरकी अक्षरं चालतात, एकाला ती बघवत नाहीत. चित्रातली रेघ इतकी जाड हवी, इतकीच जाड हवी. एका ठिकाणचा नकार आला की सगळं पुन्हा नव्याने मांडायचं. "प्रत्येकाचं सोवळं निराळं," मॅडम म्हणायच्या. "आमच्या आधीच्या पिढ्यांनी एवढं सोवळं मोडलं ते कशासाठी? ह्यांचं पाळायला?" आणि तणतणत साल पुढचं मागे करायला बसायच्या.

त्यांचा सगळ्यांत मोठा संताप मात्र एका माणसावर होता. पेपर आला की मासिकं तो दोन जाणकारांकडे वाचायला देतात. त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत. नुसतं एक नंबरचा आणि दोन नंबरचा. एक नंबरचा बहुतेक वेळा भला निघतो. दोन नंबरचा खवट. मॅडम त्याला 'दोन नंबरवाला' म्हणतात, आणि मोठ्याने म्हणतात. गॅलरीत येऊन फोनवर, जिन्यात मला थांबवून, दूधवाल्यादेखत. दोन नंबरवाल्याने पुन्हा त्रास दिला. दोन नंबरवाल्याला आता सोडत नाही. याचा व्हायचा तो परिणाम झाला. खालच्या मंडळाचा एक कार्यकर्ता तीन पोरं घेऊन वर आला. त्याला वाटलं, मॅडमच्या खोलीवर कुणा बिल्डरच्या माणसाचा डोळा आहे. हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, नाव सांगा फक्त. कोण दोन नंबरवाला आहे तो, आम्ही बघतो."

मॅडमनी त्या चौघांना बसवलं, चहा दिला, आणि दोन नंबरवाल्याचे आक्षेप एकेक करून समजावून सांगितले. पोरांनी मुकाट ऐकलं. जाताना कार्यकर्ता मला जिन्यात म्हणाला, काका, हा माणूस आपल्या एरियातला नाय, नायतर काम झालं असतं.

त्या खेपेला दोन नंबरवाल्याने विचारलं होतं की पानगळीच्या ऋतूतली, म्हणजे ऑटममधली, निरीक्षणं पेपरात का नाहीत. ते वाचून मॅडम तडक उठून माझ्या दारात आल्या.

"शिवडीला ऑटम. नाईक, इतकी वर्षं राहतोय आपण, तुम्हाला कधी लागला का ऑटम? इथे पाऊस असतो. पावसाआधीचा घाम असतो आणि पावसानंतरचा घाम असतो. खारफुटीची पानं बाराही महिने गळतात, हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय. अर्धी झाडं, अर्धे प्राणी, अर्धी माणसं ह्या उष्ण पट्ट्यात राहतात. आणि ह्यांच्या मते आमचं महत्त्व नुसतं स्थानिक. त्यांच्या तळ्यातला बेडूक जगाचा, आमचा खेकडा शिवडीचा."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर मलाही राग आला. माझा त्या विषयाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून उत्तर लिहिलं आणि ते इतकं खरमरीत झालं की हिने वाचून दाखवायला लावलं. नंतर मॅडमनीच त्यातला अर्धा तिखटपणा काढला. "आपल्याला पेपर छापून आणायचाय," त्या म्हणाल्या.

उत्तर गेलं आणि तिकडून काही हालेना. महिने चालले. मॅडम रोज सकाळी आंघोळ झाली की मासिकाच्या साइटवर जाऊन बघायच्या. तिथे एकच ओळ, विचाराधीन. मग भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. "अजून विचार करतायत. कसला विचार करतायत? खेकडा एवढ्या वेळात जंगल उभं करतो." आठवण करून देणारी पत्रं त्या इतकी पाठवू लागल्या की मला भीती वाटायला लागली, हे लोक चिडून पेपरच फेकून देतील.

मी एकदा म्हटलं, मॅडम, घाई काय आहे? तुम्हाला आता बढती नको, पगारवाढ नको. छापून येईल तेव्हा येईल.

त्यांनी कागद गोळा केले आणि उठून गेल्या. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. वाय-फायचा पासवर्डही बदलला. हिची मालिका बुडाली, तिचा राग माझ्यावर. मला काही कळेना. दोन नंबरवाल्याला उत्तर देणारी बाई माझ्या साध्या प्रश्नाला उत्तर देत नव्हती.

मग एके दिवशी सकाळी सकाळीच त्यांनी दार वाजवलं. पेपर जवळजवळ स्वीकारला होता. एकच गोष्ट राहिली होती. मासिकाचा नवा नियम निघाला होता की पेपरावर ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाने स्वतः एका मेलमधलं बटण दाबून कबूल करायचं, की हे काम माझं आहे आणि मला ते मान्य आहे. मॅडमच्या पेपरावर दोन नावं होती, साळवे आणि डिमेलो. ही डिमेलो कोण ते मी कधी विचारलं नव्हतं. असेल कुठल्यातरी विद्यापीठात, असं धरून चाललो होतो.

मी म्हटलं, त्यात काय, त्यांचा मेल तुम्हीच उघडा आणि दाबा बटण. सगळे तसंच करत असतील.

"दुसऱ्याच्या नावाने मी हो म्हणू?" मॅडमचा आवाज इतका चढला की ही आतून बाहेर आली. "काम तिने केलंय. बटण तीच दाबेल. शर्ट बदला, गिरगावात खोताच्या वाडीत जायचंय."

साडी इस्त्रीची होती, पायात सँडल होत्या. त्या दिवशी खरंच बाहेर जायचं होतं.

टॅक्सीत त्यांनी मला सांगितलं. फिलोमिना डिमेलो त्यांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. खाडीत उतरायची कल्पना त्यांचीच. मॅडम तेव्हा चिखलाला घाबरायच्या. पहिल्याच दिवशी मांडीपर्यंत रुतल्या आणि रडायला लागल्या, तेव्हा फिलोमिनाबाईंनी वडिलांची जुनी पँट गमबुटात खोचली, खाली उतरल्या, काखेत हात घालून ह्यांना उपटून काढलं, आणि वर म्हणाल्या, एवढं रडतेस कशाला, खेकडे बघतायत. तेव्हापासून दोघी बरोबर. झाडांचं त्यांनी बघायचं, खेकड्यांचं ह्यांनी. दोघींनी लग्नं केली नाहीत. दोघींच्या घरच्यांनी नंतर विचारायचं सोडून दिलं. ह्या पेपरातलं काम दोघींनी मिळून संपवलं, आणि पेपर लिहायला घेतला तेव्हा फिलोमिनाबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग रस्ता, मग माणसं.

"आपलं नाव छापलेलं तिला दिसलं पाहिजे," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दिसून कळलं पाहिजे. तिला कळतंय तोवर छापतील का हे लोक?" मग लगेच पुढच्या सिग्नलवर त्या टॅक्सीवाल्याशी भांडल्या.

वाडीत त्यांच्या लाकडी घराच्या व्हरांड्यात फिलोमिनाबाई खुर्चीत बसल्या होत्या. उंच, ताठ, केस नीट विंचरलेले, अंगावर फुलाफुलांचा फ्रॉक. त्यांच्या भाच्याची बायको शर्ली त्यांना बघते. तिने आम्हाला बसवलं. फिलोमिनाबाईंनी मॅडमना अदबीने गुड मॉर्निंग म्हटलं, ओळख नसलेल्या माणसाला म्हणतात तसं. मग मला विचारलं, गॅसवाले का तुम्ही? मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. त्यांना बरं वाटलं.

शर्लीने लॅपटॉपवर त्यांचा मेल उघडून दिला. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि ज्या बाईला मी कधी सावकाश बोलताना ऐकलं नव्हतं, ती सावकाश बोलायला लागली. हे खेकडे. ही पानं. हे दोरे आपण बांधले. हा फोटो शिवडीचा, ही तू. फिलोमिनाबाई फोटो बराच वेळ बघत राहिल्या.

"हे मी केलं?"

"आपण दोघींनी केलं."

"मग हो म्हणून टाक की."

"मी नाही म्हणायचं, फिलू. तू म्हणायचं. तुला मान्य असेल तर."

फिलोमिनाबाईंनी पुन्हा सगळं बघितलं. मग बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की फार वेळ गेल्यामुळे ही जोडणी बंद झाली आहे, कृपया पहिल्यापासून सुरुवात करावी.

मॅडमचा तोल सुटला. त्या उभ्या राहिल्या आणि त्या कॉम्प्युटरला, त्या मासिकाला, त्याच्या संपादकाला आणि हे बटण बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना अशा काही शब्दांत झाडायला लागल्या की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. फार वेळ गेला म्हणे. महिनोन्‌महिने तुम्ही झोपता तेव्हा वेळ जात नाही? आणि ही बाई नीट वाचून, विचार करून हो म्हणते तेव्हा तुमचा वेळ जातो? त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि बोलणं थांबत नव्हतं. शर्ली मान खाली घालून उभी होती. मीही कुठे बघावं ते न कळून माझ्या चपलांकडे बघत होतो.

तेवढ्यात फिलोमिनाबाई हसायला लागल्या. मोकळ्या, मोठ्या आवाजात.

"वत्सल," त्या म्हणाल्या, "किती गो चिडतेस तू."

मॅडम बोलता बोलता थांबल्या. आल्यापासून त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या हळूच खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि शर्लीला म्हणाल्या, पुन्हा उघड गं तो मेल. दुसऱ्या खेपेला बटणाने ऐकलं.

पेपर छापून आला. खरं तर हल्ली छापत नाहीत, नुसता पडद्यावर येतो. पण ते मॅडमना मंजूर नव्हतं. माझ्या जुन्या छापखान्यात आम्ही त्याच्या प्रती काढून घेतल्या, जाड कागदावर, मोठ्या टायपात. फिलोमिनाबाईंनी त्यावरचं आपलं नाव बोट फिरवून वाचलं. कळलं की नाही, ते नक्की सांगता येणार नाही. शर्लीच्या मते कळलं. मॅडमनी तिला संदर्भ विचारला नाही.

आता दर गुरुवारी मॅडम खोताच्या वाडीत जातात आणि फिलोमिनाबाईंना तो पेपर वाचून दाखवतात. मला गिरगावात काम असलं की मीही बरोबर जातो. असाच एकदा बसलो होतो. मॅडम वाचत होत्या, मध्ये थांबून मराठीत सांगत होत्या. फिलोमिनाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"पण उधाणाच्या दिवसांचं काय? तेव्हा पाणी पार आतपर्यंत येतं. खेकड्याने उचलायच्या आधीच पानं वाहून जाणार. ते बघितलं का कोणी?"

मी पुढच्या स्फोटासाठी तयार झालो. पेपर मी इतक्या वेळा तपासला होता की मला तो पाठ होता. उधाणाचा त्यात अख्खा भाग होता, तक्त्यासकट, आणि ती सगळी मोजणी खुद्द फिलोमिनाबाईंची होती. आणि साळवे मॅडम म्हणजे एका स्वल्पविरामासाठी जगाशी भांडलेली बाई.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. त्या छापून झालेल्या, कुठलाही बदल आता शक्य नसलेल्या पेपराच्या समासात काहीतरी टिपून घेतलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "राहिलंच ते. बघून घेते मी."

फिलोमिनाबाई समाधानाने मागे टेकल्या. मॅडमनी पान उलटलं आणि पुढे वाचायला सुरुवात केली.

परत येताना मी विचारलं, हे नेहमी असंच होतं का.

"दर गुरुवारी हेच विचारते," मॅडम म्हणाल्या. थोडं अंतर चालून गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पण प्रश्न फार चांगला आहे, नाईक. दोन नंबरवाल्यालासुद्धा नव्हता सुचला."